पाटीवर रोमन अंकांत साल कोरायचं आहे, अंकशास्त्राची बेरीज कशाची धरायची?

देवपूरकर

राम राम मंडळी. धुळ्यात देवपूरला घराचं काम आटोपत आलंय. वास्तुशांत आखाजीला, १९ एप्रिल २०२६ ला. दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावायची आहे, दोन फूट रुंद आणि एक फूट उंच. वर घराचं नाव मराठीत, खाली साल रोमन अंकांत. साल मी असं काढलं: एम-एम-एक्स-एक्स-व्ही-आय.

पाटीचा नमुना अंकशास्त्र बघणाऱ्या एका जाणकारांना दाखवला. त्यांनी एकेका अक्षराला आकडा दिला: एमचे ४, एक्सचे ५, व्हीचे ६, आयचा १. बेरीज २५, म्हणजे ७. हा केतूचा अंक, घराला नको, असं त्यांचं म्हणणं. उपाय म्हणून शेवटचं व्ही-आय काढून तिथे ओळीनं सहा आय कोरा, म्हणजे बेरीज २४ होऊन शुक्राचा ६ मिळेल, असं त्यांनी सुचवलं. दुसऱ्या एकांनी वेगळा तक्ता लावला आणि ३३ काढले. साधी २०२६ ची बेरीज केली तर १०, म्हणजे १. एकाच सालाचे तीन अंक झाले.

अंकशास्त्राच्याच नियमानं यातला बरोबर कोणता? सहा आय लिहिलेले चालतात का? आणि रोमन लोक स्वतः असं काही बघायचे का? दगडावर खोडरबर चालत नाही, म्हणून आधी समजून घेतोय. पूर्ण तारीख टाकायची झाली तर ती कशी लिहायची तेही सांगा.

नऊचा_पाढा

बठ्ठा घोळ तठेच शे, भाऊ: अंकाला अक्षर समजून बेरीज झाली.

आपल्याकडे चालणाऱ्या अंकशास्त्रात तीन अंक बघतात. जन्माच्या किंवा मुहूर्ताच्या दिवसाचा मूलांक, पूर्ण तारखेचा भाग्यांक आणि नावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा नामांक. अक्षराला आकडा देणारा तक्ता फक्त नामांकासाठी असतो. तारीख आणि साल हे मुळातच आकडे आहेत, त्यांना तक्ता लागत नाही. पाटीवर एम-एम-एक्स-एक्स-व्ही-आय लिहिलंत तरी ते कुणाचं नाव होत नाही, ते २०२६ च राहतं. म्हणून १ बरोबर. २५ आणि ३३ या दोन्ही बेरजा चुकीच्या जागी तक्ता लावून आल्या.

तुमच्या दोघा सल्लागारांनी कोणते तक्ते वापरले ते सांगतो, म्हणजे फरक दिसेल. पहिला खाल्डियन म्हणून ओळखला जातो. विल्यम जॉन वॉर्नर (१८६६–१९३६) या आयरिश माणसानं किरो या नावानं लिहिलेल्या पुस्तकांमुळे तो आपल्याकडे घरोघरी पोचला. त्यात ए, आय, जे, क्यू, वाय यांना १. बी, के, आर यांना २. सी, जी, एल, एस यांना ३. डी, एम, टी यांना ४. ई, एच, एन, एक्स यांना ५. यू, व्ही, डब्ल्यू यांना ६. ओ, झेड यांना ७. एफ, पी यांना ८. नऊ कुठल्याच अक्षराला नाही. दुसरा पायथागोरसच्या नावावर खपतो. त्यात ए पासून आय पर्यंत १ ते ९, जे पासून पुन्हा १, एस पासून पुन्हा १. तिथे एम ४, एक्स ६, व्ही ४, आय ९. म्हणून ४+४+६+६+४+९ = ३३ झाले.

आता सहा आयचा उपाय बघा. २०२६ हा आकडा तसाच राहतो, फक्त लिहायची ढब बदलते आणि अंक मात्र ७ चा ६ होतो. चारचंही तसंच. आय-व्ही लिहिलं तर खाल्डियन तक्त्यानं ७, चार आय लिहिले तर ४. दोन्ही लेखनं जुनी आहेत, दोन्हींचा अर्थ चारच. ज्या बेरजेचं उत्तर आकड्यावर ठरत नाही, कोरणाऱ्याच्या ढबीवर ठरतं, ती त्या सालाची बेरीज कशी म्हणायची?

रोमन अंकांवरूनच थेट एकअंकी बेरीज काढायची असेल तर त्याची पक्की रीत आहे, आणि ती कुठेही अडत नाही. आकड्यांची बेरीज करत एका अंकापर्यंत येणं म्हणजे ९ ने भागून बाकी काढणं. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते. ५, ५०, ५०० यांची बाकी ५. म्हणून आय, एक्स, सी, एम या चौघांना प्रत्येकी १ द्या आणि व्ही, एल, डी या तिघांना प्रत्येकी ५. लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे असेल तर वजा करा.

एम-एम-एक्स-एक्स-व्ही-आय: १+१+१+१+५+१ = १०, म्हणजे १. जुळलं.

१९४७ म्हणजे एम-सीएम-एक्सएल-व्ही-आय-आय: एमचा १, सीएमचे १−१ = ०, एक्सएलचे ५−१ = ४, व्ही-आय-आयचे ७. बेरीज १२, म्हणजे ३. आकड्यांनी १+९+४+७ = २१, म्हणजे ३.

उत्तर शून्य आलं तर ९ धरायचे. आय-एक्सचं १−१ = ० येतं, आणि ते ९ च आहे. या रीतीत चार आय लिहा किंवा आय-व्ही लिहा, उत्तर ४ च. सहा आय लिहा किंवा व्ही-आय, उत्तर ६ च. रीत खरी असल्याची खूण हीच.

तुमच्या मुहूर्ताचा हिशेब: १९ चा मूलांक १ (एक्स-आयएक्स: १+० = १). भाग्यांक १+९+४+२+०+२+६ = २४, म्हणजे ६. शुक्राचा ६ हवा होता ना? तो तारखेत आधीच आहे, दगडात फेरफार करायची गरज नाही.

आता लिहिण्याबद्दल. आकडा आधी स्थानानं फोडायचा: २०२६ = २००० + २० + ६. शतकाच्या घरात शून्य आहे, तिथे काही लिहायचं नाही आणि जागाही सोडायची नाही. रोमनांत शून्याला चिन्ह नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कुणी २-०-२-६ असा एकेक आकडा उतरवायला जातो आणि शून्यापाशी अडून ओ घालतो. दुसरी चूक वजाबाकीची. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. तेही एकदाच. त्यामुळे ४९ ला आय-एल चालत नाही, एक्सएल-आयएक्स लिहावं लागतं. १९९९ ला आय एम-एमच्या मधे घालून चालत नाही. एम-सीएम-एक्ससी-आयएक्स हेच बरोबर. व्ही, एल, डी कधी दोनदा येत नाहीत.

पूर्ण तारीख: एक्स-आय-एक्स, मग टिंब, आय-व्ही, मग टिंब, एम-एम-एक्स-एक्स-व्ही-आय.

पाटणखोरं

वरच्या भाऊंनी गणित चोख सांगितलं. ही चिन्हं अक्षरं का नाहीत, ते मी इतिहासाच्या बाजूनं सांगतो. 'रोमन लोक असं काही बघायचे का' याचं उत्तर त्यातूनच निघतं.

ही चिन्हं मोजणीच्या खाचांतून आली. बाजार समितीत मापाडी पोती मोजताना चार उभ्या रेघा मारतो आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी ओढतो. नजरेला चारपर्यंत एका झटक्यात कळतं, पाचव्याला काही तरी वेगळं लागतं. रोमन आकड्यांची जातही हीच. एक खाच म्हणजे एक. फुलीसारखी खाच म्हणजे दहा. फुलीचा अर्धा भाग म्हणजे पाच. पन्नासची खूण आधी बाणाच्या टोकासारखी होती, ती सपाट होत होत एलसारखी झाली. हजाराला वर्तुळ आणि त्यामधून उभी रेघ असं चिन्ह होतं; त्याचा उजवा अर्धा भाग म्हणजे पाचशे, तो डीसारखा दिसतो. या खुणा झिजत झिजत ओळखीच्या अक्षरांत मिसळल्या. शंभरला सी आणि हजाराला एम रूढ व्हायला सेंटम आणि मिले या लॅटिन शब्दांचा हातभार लागला असेल, पण हजारासाठी एम लिहिणं सर्रास झालं ते मध्ययुगात. प्राचीन दगडांवर हजाराला बहुतेक ते जुनंच चिन्ह दिसतं. म्हणजे तुमच्या पाटीवरच्या एमला ४ आणि एक्सला ५ देणं म्हणजे मापाड्याच्या रेघांना बाराखडी लावण्यासारखं आहे.

तक्त्याचं वयही बघा. अभिजात लॅटिनमध्ये २३ अक्षरं. आय आणि जे एकच, यू आणि व्ही एकच, डब्ल्यू नाहीच. २६ इंग्रजी अक्षरांचा तक्ता त्या काळचा असूच शकत नाही. पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक, त्याला ही अक्षरं माहीतही नव्हती.

तरी अक्षरांची बेरीज करणं ही जुनी गोष्ट आहे, आणि ती होती ग्रीकांकडे. ग्रीक लिपीत प्रत्येक अक्षर हाच अंक होता: आल्फा १, आयोटा १०, ऱ्हो १००, ओमेगा ८००. त्यामुळे कुठलाही शब्द लिहिला की त्याची बेरीज आपोआप तयार. पाँपेईच्या एका भिंतीवर कुणीतरी ग्रीकमध्ये लिहून ठेवलंय की जिचा अंक ५४५ आहे तिच्यावर माझं प्रेम आहे. सम्राट नीरोच्या काळात रोममध्ये एक ग्रीक ओळ फिरत होती, ती सुएटोनियस या रोमन चरित्रकारानं नोंदवली आहे. नीरो या नावाची ग्रीक बेरीज ५०+५+१००+८००+५० = १००५. 'स्वतःच्या आईला मारलं' या ग्रीक शब्दांची बेरीज ७५+४५४+४७६, तीही १००५. म्हणजे रोममध्ये राहून अक्षरांची बेरीज करायची झाली तरी माणूस ग्रीक अक्षरांकडे जात होता. एक्स, व्ही, आय त्यासाठी कुणी वापरत नव्हतं.

रोमन आकडे आणि शकुन यांची खरी गाठ एका ठिकाणी पडते: इटलीत १७ अशुभ मानतात. एक्स-व्ही-आय-आय ही चिन्हं उलटसुलट केली की व्ही-आय-एक्स-आय होतं, विक्सी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी जगलो', म्हणजे आता मी नाही. रेनॉ १७ ही मोटार इटलीत १७७ या आकड्यानं विकली गेली ती याच समजुतीपायी. पण हा शब्दाचा शकुन आहे, बेरजेचा यात काही संबंध नाही.

अक्षरं बेरजेत धरण्याची रोमन आकड्यांची एक रीत मागाहून युरोपात रूढ झाली. वाक्यातली आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम तेवढी उचलायची, बाकी अक्षरं सोडायची, आणि बेरीज म्हणजे साल. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या मृत्यूवर 'माय डे क्लोज्ड इज इन इमॉर्टॅलिटी' असं वाक्य रचलेलं आहे. यात मात्र शब्दांची फक्त पहिली अक्षरं घ्यायची: एम, डी, सी, आय, आय, आय. १००० + ५०० + १०० + ३ = १६०३, तिच्या मृत्यूचं साल. इथेही एमचे १००० च धरले, ४ नाही.

आपल्या खानदेशाला याहून जवळचं उदाहरण आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. खुद्द भास्कराचार्यांनी आपलं जन्मसाल शब्दांत सांगितलं: रसगुणपूर्णमही. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे: १०३६. हे शक वर्ष, त्यात ७८ मिळवले की इसवी सन १११४. रस सहा असतात म्हणून ६, पृथ्वी एक म्हणून १. इथे शब्दाला स्थान आहे आणि पूर्ण म्हणजे शून्यालाही हक्काची जागा आहे. कुणी या चार अंकांची बेरीज करून जन्मसाल १० म्हणत नाही. कटपयादी या व्यंजनांना अंक देण्याच्या जुन्या रीतीतही तेच. क, ट, प, य यांना १ पासून क्रमानं अंक, आणि शब्द उलट वाचायचा. 'जय' मध्ये ज म्हणजे ८, य म्हणजे १, उलट वाचून १८. अंक लिहिण्याची प्रत्येक रीत आपला नियम सोबत घेऊन येते. दुसऱ्या रीतीचा नियम तिच्यावर लादला की उत्तर मिळतं, पण ते कशाचंच नसतं.

सहा आयबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर प्राचीन दगडांवर ते सापडतात. रोमन नगरांमध्ये सहा जणांच्या मंडळातला मानकरी असे, त्याला सेविर म्हणत. शिलालेखांत हे पद सहा रेघा आणि पुढे व्हीआयआर असं कोरलेलं मिळतं. चार आयही भरपूर. रोमच्या कलोसियममध्ये दारांवर कोरलेले आकडे अजून वाचता येतात, त्यांत ५४ साठी एल आणि चार आय आहेत. ४४ व्या दारावर एक्सएल आणि चार आय, म्हणजे चाळीसला वजाबाकी आणि चारला बेरीज, एकाच आकड्यात दोन्ही. इसवी सन ९ मध्ये वारुस या रोमन सेनापतीच्या लढाईत मेलेल्या एका अधिकाऱ्याच्या स्मृतिशिळेवर १८ व्या पलटणीचा आकडा एक्स-आय-आय-एक्स असा आहे. तेव्हा जुन्या लेखनात सैलपणा होता. पण आजच्या वाचकासमोर सालाच्या शेवटी सहा आय ठेवले तर तो चुकलेला दगड समजेल.

सराफ_गल्ली

याच विषयाला लागून एक विचारतो. जळगावला दुकानाची दुसरी शाखा उघडताना नावापुढे रोमन दोन लावायचे आहेत, म्हणजे नाव आणि मग दोन आय. इथे तर ते नावातच आलं. मग नामांकात धरायचं का, आणि धरायचं तर आकडा म्हणून की अक्षर म्हणून?

नऊचा_पाढा

दादा, इथे प्रश्न रास्त आहे, कारण नामांक नावाचाच काढायचा आहे. नावात आकडा असेल तर तो आकडा म्हणूनच मिळवायचा. '२१ सेंच्युरी' अशा नावात २+१ घेतात, तसंच. लोक दोन आय 'टू' असं वाचतात, तेव्हा ते २.

तुमच्या बाबतीत खाल्डियन तक्त्यानं वाद होतच नाही. आयचा १, दोन आयचे २, तीन आयचे ३. अक्षर धरा नाहीतर आकडा, उत्तर तेच. म्हणून बरेच जण इथवर येऊन हीच रीत पुढेही लावतात आणि चौथ्या शाखेला फसतात. आय-व्ही अक्षरांनी ७, आकड्यानं ४. नुसता व्ही अक्षरानं ६, आकड्यानं ५. एक्स अक्षरानं ५, आकड्यानं १०, म्हणजे १. पायथागोरसच्या तक्त्यात तर पहिल्या पावलालाच फाटतं: दोन आयचे १८, म्हणजे ९.

तक्ता एकच ठरवा आणि शाखांना सगळीकडे तोच लावा. आणि परवान्यावर, जीएसटीच्या नोंदणीत, बँकेत नाव कसं गेलंय ते आधी बघा. तिथे '२' असं छापलं असेल आणि पाटीवर दोन आय असतील तर अंकशास्त्र बाजूला राहू द्या, चेक वटवताना नाव जुळत नाही म्हणून अडेल. अर्ज भरताना दोन आयच्या जागी लहान एल किंवा एकाचा आकडा टाइप झालेला डोळ्याला कळत नाही, संगणकाला मात्र ते वेगळं नाव वाटतं. दोन्ही वेळा मोठा आयच दाबला आहे याची खात्री करा.

छिन्नी_राउटर

देवपूरकर भाऊ, अंकाचं ठरलं असेल तर आता दगडाचं बघू. रोमन आकड्यांच्या पाट्या बिघडतात त्या बहुतेक नमुन्याच्या कागदावरच.

आधी फॉण्ट. टोकांना पाय असलेला फॉण्ट घ्या. बिनपायाच्या फॉण्टमध्ये आय नुसता दांडा असतो, तो एल की एक हे कळत नाही, आणि ग्रॅनाइटवर लांबून तडा वाटतो. काही जण सगळ्या आकड्यांवर खालून-वरून सलग पट्टी ओढतात, घड्याळाच्या तबकडीसारखी. दगडावर ती टाळा. वरची पट्टी जुन्या लेखनात हजारपट दाखवायची खूण होती, जाणकार माणूस तिथे अडखळेल.

फाइल बनवताना आकडे साध्या इंग्रजी मोठ्या अक्षरांनी टाइप करा. फोनवर किंवा संगणकावर रोमन आकड्यांची वेगळी तयार चिन्हं मिळतात, बारा म्हणजे एकच चिन्ह अशी. ती वापरली की राउटरच्या, म्हणजे कोरणाऱ्या मशीनच्या, संगणकावर फॉण्ट नसतो आणि त्या जागी रिकामे चौकोन उमटतात. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम झालं की मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करूनच, फाइल पाठवा, म्हणजे फॉण्ट बदलण्याचा धोका जातो.

मापाचं असं. अक्षराची उंची एक धरली तर एमची रुंदी साधारण ०.९५, एक्स आणि व्हीची ०.७५, आयची ०.३५, आणि दोन अक्षरांत ०.२ ची फट. फॉण्टनुसार थोडं इकडेतिकडे होईल. एम-एम-एक्स-एक्स-व्ही-आय ची एकूण रुंदी उंचीच्या साडेपाच पट येते. तुमची पाटी २४ इंच. दोन्ही बाजूंना तीन तीन इंच सोडले की १८ उरतात. अडीच इंची अक्षर घेतलं तर पावणेचौदा इंच, सुंदर बसतं. सहा आय घेतले असते तर रुंदी उंचीच्या सव्वासात पटींच्या वर जाते, अडीच इंचाला १८ च्या बाहेर. शिवाय सहा सारख्या रेघा लांबून मोजता येत नाहीत, पाच आहेत की सात हे दारात उभं राहून बोट लावूनच कळेल.

पूर्ण तारीख घेतलीत तर रुंदी उंचीच्या पावणेअकरा पट धरा. म्हणजे दीड इंची अक्षर, सोळा इंच. एक इंच अक्षर साधारण दहा फुटांवरून सुखानं वाचता येतं, त्या हिशेबानं दीड इंच अंगणातून दिसेल. रस्त्यावरून दिसायला हवं असेल तर फक्त साल ठेवा.

टिंबं तळाला देऊ नका, अक्षराच्या मध्यावर द्या. तळाला दिली की पूर्णविराम वाटतात. रोमन शिलालेखांतही शब्द तोडणारं टिंब मध्यावरच असतं. टिंबाच्या दोन्ही बाजूंना अक्षरांमधल्या फटीच्या दुप्पट जागा, नाहीतर एक्स-आय-एक्स आणि आय-व्ही एकमेकांत मिसळून भलताच आकडा होतो. ओळ मध्यात आणताना अक्षरं मोजून मध्य काढू नका. एम रुंद, आय बारीक, त्यामुळे अक्षरांच्या संख्येचा मध्य आणि रुंदीचा मध्य वेगवेगळे पडतात.

लेझरनं ग्रॅनाइटवर फक्त पांढरट खूण उठते, खोली मिळत नाही. उन्हात टिकवायचं असेल तर राउटर किंवा सँडब्लास्टनं (वाळूच्या माऱ्यानं) दोन ते तीन मिलिमीटर खोल काढा आणि मग रंग भरा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दगड हात लावू देत नाही इतका तापतो. त्यामुळे रंग सकाळी लवकर भरायचा. तापलेल्या दगडावर भरला तर वरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात पापुद्रा सुटतो. घरांच्या नंबरासाठी सुटे फरशीचे तुकडे करणाऱ्यांनी मागच्या बाजूला बाण काढून ठेवावा: आय-एक्स उलटं बसलं की एक्स-आय होतं, ९ चं घर ११ चं होतं, आणि गवंड्याला ते कळायचा मार्ग नसतो.

ज्यांचं काम लांबायची शक्यता आहे त्यांनी साल सगळ्यात शेवटी कोरावं. २०२६ चं २०२७ करायला शेवटी एक आय पुरतो, २०२८ ला आणखी एक. पण २०२८ चं २०२९ होत नाही. व्ही बुजवता येत नाही, दगडच बदलावा लागतो.

देवपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ३३ चं आणि २५ चं कोडं सुटलं. फक्त साल ठेवतो, अडीच इंची, पायाच्या फॉण्टमध्ये. एकच शंका राहिली: रोमन माणसानं ही १९ एप्रिलची तारीख लिहिली असती तर ती अशीच लिहिली असती का? घरात चर्चा चालू आहे म्हणून विचारतो.

पाटणखोरं

नाही. तो महिन्याच्या तीन ठरावीक दिवसांपासून उलटी मोजणी करायचा, आणि मोजताना दोन्ही टोकं धरायचा. १९ एप्रिलला पुढचा ठरावीक दिवस म्हणजे १ मे, त्याला कालेंड म्हणत. १९ पासून ३० पर्यंत बारा दिवस आणि १ मे धरून तेरा. म्हणून तो 'मे महिन्याच्या कालेंडच्या आधीचा १३ वा दिवस' असं लिहिणार, आकडा एक्स-आय-आय-आय. सालही आपलं नसतं. इसवी सन मोजण्याची रीत डायोनिसियस एक्झिगुअस यानं ५२५ मध्ये मांडली. रोमनांची रोजची रीत म्हणजे त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं. रोम वसल्यापासून मोजायचं ठरवलं तर २०२६ मध्ये ७५३ मिळवायचे: २७७९, म्हणजे एम-एम-डी-सी-सी-एल-एक्स-एक्स-आय-एक्स. तुमच्या दगडावर यातलं काही घालू नका. पाटी वाचणारा माणूस दिनदर्शिका इसवी सनाची बघतो, एम-एम-एक्स-एक्स-व्ही-आय त्याला लगेच उलगडेल.

छिन्नी_राउटर

भाऊ, मशीनवर दगड चढवायच्या आधी खऱ्या मापाचा कागद काढून दाराशेजारी चिकटवा, फाटकाबाहेर जाऊन बघा आणि ज्याला पाटीबद्दल काही सांगितलेलं नाही अशा एखाद्याला साल मोठ्यानं वाचायला लावा. तो २०२६ म्हणाला की कागदावर सही करून तोच कागद पाटीवाल्याकडे द्या, फोनवरचा फोटो देऊ नका.